मुकं पाणी

"वहिनी, जरा शहाण्यासारखं घ्या," सरपंच स्तेर्यो म्हणाला, आणि तिथेच त्याचं चुकलं. गारूफालियाला साठाव्या वर्षी शहाणपण शिकवायला जायचं म्हणजे आग्यामोहोळाला काठी लावायची आणि वर माश्यांना 'शांत बसा' म्हणायचं.

"शहाण्यासारखं?" तिनं कमरेवर हात ठेवले. "भाऊजी, तुमच्या भावाच्या दगडावर हे काय कोरून आणलंत ते आधी सांगा. माझ्या शहाणपणाचं मागाहून बघू."

चौकातल्या जुन्या चिनाराखाली नवा पाणवठा बांधून तयार होता. डोंगरातलं पाणी दगडी तोटीतून डोणीत पडत होतं. तोटीच्या वर, चौकात येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा, तो दगड आज बसवला होता. त्याच्या कडेनं दोन सुरूची झाडं आणि मध्ये एक पक्षी, हे सगळं लाम्ब्रोसच्या हातचं. ग्रीसच्या डोंगरातलं पेत्रोलाका गाव गवंड्यांचं, आणि त्या गवंड्यांतही दगडावर नक्षी काढावी तर लाम्ब्रोसनं. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत तो गेला. आयुष्यभर गिळलेली दगडाची भुकटी शेवटी छातीत जाऊन बसली. जाताना हा एवढा दगड कोरून झाला होता. फक्त मधली अक्षरं राहिली होती. मजकूर त्यानं बायकोला तोंडी सांगून ठेवला होता: 'वाटसरू, थांब, नेरो पी, आणि लाम्ब्रोससाठी एक बरा शब्द बोल.' नेरो म्हणजे पाणी. गावात पाण्याला दुसरं कोण काय म्हणतं?

अक्षरांचं निघालं तोवर कोरायला गावात माणूस उरला नव्हता. वसंतात संत योर्गीचा सण झाला की इथले गवंडी हत्यारं खेचरांवर लादून मुलुखभर घरं-पूल बांधायला निघतात, ते थेट शरदात घरी येतात. मागे उरतात बायका, म्हातारे आणि पोरं. तेव्हा स्तेर्यो मोठ्या प्रेमानं म्हणाला होता, "वहिनी, दगड मी शहरात नेतो. माझा चुलतभाऊ होता तो. एवढं मला करू द्या." आणि त्यानं ते केलं. सगळा मजकूर बरोबर कोरून आणला, फक्त 'नेरो'च्या जागी 'इदोर' कोरलं.

"पाण्याला नेरो म्हणतात हे मला माहीत नाही का?" स्तेर्यो म्हणाला. "पण वर राज्य कोणाचं आहे? कर्नलसाहेबांचं, लष्कराचं. पाटीवर, दगडावर, शाळेत शुद्ध भाषा हवी असा हुकूम आहे. इदोर हा आपल्या पूर्वजांचा शब्द आहे, वहिनी. दोन-अडीच हजार वर्षं जुना!"

"मग पूर्वजांनाच पाजा. येणारेत का ते घागरी घेऊन?"

समोर कॉफीच्या दुकानात बसलेले म्हातारे खुसखुसले. तेवढ्यानं गारूफालियाला आणखी चेव आला.

"आणि तुम्हाला हो तहान लागली की काय मागता? परवा तंबाखूचा ठसका लागला तेव्हा माझ्याच दारात 'वहिनी, नेरो, नेरो' करत आलात. डोळे पांढरे झाले होते. तेव्हा नाही कोणी पूर्वज आठवला!"

म्हातारे आता उघडच हसले. स्तेर्योचे कान लाल झाले. तो जवळ आला आणि खालच्या आवाजात बोलला. "वहिनी, परवा उद्घाटनाला जिल्ह्याचे साहेब येतायत. दगडावर नेरो दिसलं तर विचारतील, हे कोणाचं डोकं? आणि लाम्ब्रोसचं जुनं प्रकरण काही मिटलेलं नाही. मेलेल्या माणसाच्या नावावर कशाला पुन्हा शिक्का मारून घेता?"

हे मात्र तिला लागलं. ती पाठ फिरवून घरी गेली, आणि भांडण अर्धं टाकून गेली हे बघून स्तेर्योला बरं वाटण्याऐवजी धास्तीच वाटली.

जुनं प्रकरण असं होतं. यादवी युद्धानंतर 'डावा' म्हणून लाम्ब्रोसला उचलून एका उजाड बेटावर नेलं होतं. तीन वर्षं. तिथं ना झाड, ना सावली, ना झरा. पाणी होडीतून यायचं, वारा असला की होडीही यायची नाही. छावणीच्या मध्यावर सिमेंटची मोठी टाकी होती आणि तिच्यावर निळ्या रंगात सुबक अक्षरांत लिहिलेलं होतं: इदोर. टाकी कोरडी ठणठणीत. माणसं जीभ बाहेर काढून तिच्या सावलीला पडायची आणि वर ती सुबक अक्षरं. लाम्ब्रोस परत आला तेव्हा त्यानं चुलीतल्या राखेत बोटानं ती चार ग्रीक अक्षरं काढून बायकोला दाखवली होती. म्हणाला, "हा शब्द ओळखून ठेव. हा जिथं लिहिलेला असतो तिथं प्यायला काही नसतं." गारूफालियाला वाचता येत नव्हतं. पण ही चार अक्षरं तिनं झोपेतही ओळखली असती. आणि मरताना त्यानं तिच्याकडून एकच वचन घेतलं: माझ्या पाणवठ्यावर त्या टाकीवरचा शब्द नको.

म्हणून भांडण. नाहीतर शब्दावरून भांडायला ती काही मास्तरीण नव्हती.

मास्तरीण तिच्या माडीवर राहायची. एवांथिया बाई, वय चोवीस, लग्न व्हायचं होतं, स्वभाव इतका मऊ की शाळेतली पोरंच तिला सांभाळून घ्यायची. संध्याकाळी ती खाली जेवायला आली तर गारूफालियानं घेवड्याच्या शेंगांचं भांडं चुलीवरून असं आदळलं की मांजर पळालं.

"काय झालं, मावशी?"

"मला एक सांग, बाई. नेरो हा शब्द घाणेरडा आहे का? शिवी आहे का ती?"

एवांथियानं आधी दाराकडे बघितलं. हल्ली सगळेच बोलण्याआधी दाराकडे बघत. मग हळूच म्हणाली, "नाही हो. फार चांगल्या घरचा शब्द आहे."

"कोणाच्या घरचा?"

"त्याच्याच. इदोरच्याच." बाईनं पावाचा तुकडा मोडला. "फार पूर्वी लोक पाण्याला इदोरच म्हणायचे, ते खरं आहे. पण पाणी दोन प्रकारचं. एक साठवलेलं, शिळं. आणि एक झऱ्याचं, आत्ता आणलेलं. त्या ताज्या पाण्याला म्हणायचे 'नेआरोन इदोर'. नेआरोन म्हणजे कोवळं, ताजं. ते बोलता बोलता झिजून झालं 'नेरोन'. 'नेरोन इदोर', ताजं पाणी. मग रोज रोज कोण एवढं लांब बोलणार? तहानलेला माणूस 'ताजं दे' एवढंच म्हणायचा. इदोर गळून गेलं आणि नेरो राहिलं."

"म्हणजे आपण पाणी मागतच नाही?"

"शब्दानं बघितलं तर आपण 'ताजं' मागतो. व्याकरणात त्याला विशेषण म्हणतात, मावशी. विशेषणाला एकट्यानं उभं राहता येत नाही, ते नामाच्या आधारानं राहतं. इथं नाम गेलं आणि विशेषणच घराचं मालक झालं. त्याचं अनेकवचनही होतं: नेरा. बाळंतिणीची नेरा फुटतात म्हणतो ना आपण? आणि सुंदर मुलीला म्हणतो, गार नेरासारखी आहे."

गारूफालिया पळी हातात धरून ऐकत होती. तिचा चेहरा हळूहळू असा उजळला की बाईला भीतीच वाटली.

"म्हणजे नवरा गेला आणि बायकोनं घर चालवलं," ती म्हणाली. "विधवाच की गं ही! माझ्यासारखी विधवा! आणि हा मेला स्तेर्यो तिला घराबाहेर काढून थडग्यातल्या नवऱ्याला पाटावर बसवायला निघालाय!" तिनं भांडं ताटात उपडं केलं. "जेव. आणि जेवण झालं की मला ती अक्षरं काढून दे. नेरोची. मोठी काढ."

"कशाला, मावशी?"

"तू नको विचारू. तुझी नोकरी आहे."

एवांथियाचा घास हातातच राहिला. तिला कळलं नाही असं नव्हतं. तिनं पुन्हा दाराकडे बघितलं, मग उठून कोळसा घेतला आणि पिठाच्या पिशवीच्या कापडावर चार अक्षरं काढली. इदोरचीही चारच होती. एकाच्या जागी दुसरं बरोब्बर मावणार होतं.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी स्तेर्योनं दगडावर देशाचा झेंडा टांगला, साहेबांनी दोरी ओढून बाजूला करावा म्हणून. दुपारी जेवणं झाली आणि गाव झोपलं. पेत्रोलाकात उन्हाळ्यातली दुपारची झोप म्हणजे देवळातल्या प्रार्थनेसारखी. त्या वेळी कोणी कोणाचं दार वाजवत नाही, बादली आपटत नाही, पोराला मोठ्यानं हाक मारत नाही. तसं केलंच तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

आणि त्या दुपारी चौकातून आवाज आला. टक्. टक्-टक्. टक्.

छिन्नीचा आवाज गवंड्यांच्या गावाला ओळखू येत नाही होय? पाळण्यातलं पोरही तो ओळखतं. सुल्तानाआजीनं, जिला एरवी कानात ओरडावं लागायचं, कूस बदलली आणि हसली. कॉफीवाल्यानं उशी कानावर घेतली. ज्याचं घर थेट चौकावर होतं तो स्तेर्यो छताकडे बघत पडून राहिला. 'सुतारपक्षी असेल,' त्यानं स्वतःलाच सांगितलं. मग त्याला आठवलं की भर उन्हात सुतारपक्षी झोपलेला असतो. तरी तो उठला नाही. उठून खिडकीशी गेलं तर दिसणार, आणि दिसलं तर सांगावं लागणार. त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

गारूफालिया झेंड्याच्या आत डोकं घालून, डोणीच्या कडेवर उभी राहून कोरत होती. चाळीस वर्षं तिनं नवऱ्याच्या छिन्न्यांना धार लावली होती, पण कोरलं कधीच नव्हतं. आधी इदोर घासून काढलं. तिथं खोल खळगा पडला. त्या खळग्यात, कापडावर बघून बघून, नेरो. बोटं फुटली. डोळ्यांत भुकटी गेली. शेवटचं अक्षर, 'ओ', गोल. ते काही केल्या गोल होईना, एका बाजूनं फुगलं. "असू दे, लाम्ब्रोस," ती पुटपुटली. "तुला कुठं माझी भाकरी कधी गोल मिळाली?"

संध्याकाळी ऊन उतरलं तशी सुल्तानाआजी काठी टेकत गारूफालियाच्या दारात आली. केसांतली पांढरी भुकटी बघितली, बोटांना गुंडाळलेल्या चिंध्या बघितल्या, आणि विचारलं काहीच नाही.

"आज संत यान्नीची संध्याकाळ," आजी म्हणाली. "मुली मुकं पाणी आणायला निघतील. त्या स्तेर्योला, गाढवाला, उद्घाटनाला हीच वेळ सापडली. बायकांचे सण पुरुषांच्या कुठं लक्षात राहतात!"

"मग?"

"मग माझी घागर काढ. मलाही मुकं पाणी आणायचंय."

गारूफालिया बघतच राहिली. मुकं पाणी आणायचं ते लग्न न झालेल्या मुलींनी. घरून निघाल्यापासून पाणी भरून घरात ठेवीपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. वाटेत पोरं चिडवतात, हसवतात, चिमटे काढतात. एक शब्द निघाला की पाणी ओतून टाकायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. मग त्या पाण्याचा घोट तोंडात धरून उभं राहायचं, आणि पहिलं जे पुरुषाचं नाव कानावर पडेल तो आपला नवरा.

"आजी, तुझे दात गेले, तीन नवरे गेले."

"चौथा बघते," आजी म्हणाली. "आणि तूही बघ. सगळ्यांना सांग. गावात जेवढ्या घागरी तेवढ्या बायका. साहेबाला काय विचारायचं ते विचारू दे."

साहेब आले. जीपमधून उतरले, मागून एक हवालदार. बोलायला उभे राहिले ते अशा शुद्ध भाषेत की कॉफीवाला शेजाऱ्याला म्हणाला, "काय म्हणतायत रे?" शेजारी म्हणाला, "टाळ्या वाजव." तरी एवढं सगळ्यांना कळलं की पूर्वजांच्या रूढी जपणं हे प्रत्येक ग्रीक माणसाचं कर्तव्य आहे.

नेमक्या तेव्हाच बायका आल्या. पुढं मुली, मुलींत एवांथिया बाई, मागे सुना, लेकुरवाळ्या, म्हाताऱ्या, सगळ्यांत शेवटी सुल्तानाआजी आणि काळ्या वस्त्रांतली गारूफालिया. प्रत्येकीच्या हातात तांब्याची घागर. कोणी एक शब्द बोलत नव्हतं. एकेक करून पाणी भरलं आणि पाणवठ्याच्या दोन्ही बाजूंना रांगेत उभ्या राहिल्या.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"मुकं पाणी, साहेब," स्तेर्योनं घाम पुसला. "जुनी रूढी आहे. घरी पोचेपर्यंत बोलायचं नसतं. पूर्वजांपासून चालत आलंय."

"उत्तम! अत्युत्तम!" साहेब खूश झाले. "पाहिलंत? हीच ती परंपरा!" आणि त्यांनी दोरी ओढली.

झेंडा खाली आला. नेरो. खळग्यात, वेडंवाकडं, पण पार कॉफीच्या दुकानातून वाचता येईल एवढं.

साहेब वाचून थांबले. मग वळले. "हे कोणी केलं?"

तोटीतून पाणी पडत राहिलं. साहेबांनी पुन्हा विचारलं, या वेळी ओरडून. मग ते मुलींच्या रांगेकडे गेले आणि एवांथियासमोर उभे राहिले. "तुम्ही शिक्षिका ना? सरकारचा पगार घेता. बोला. नाहीतर पुढच्या आठवड्यात सीमेवरच्या शाळेत सामान घेऊन जा."

एवांथियाच्या घागरीतलं पाणी कडेवरून तिच्या पायावर सांडत होतं. सगळं गाव तिच्या ओठांकडे बघत होतं. ही पोर फुटली तर दोष तिचा नाही, आपला, असं गारूफालियाला वाटलं. बाईनं ओठ दातांखाली घट्ट दाबले, डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंडातून काही आलं नाही. सीमा तर सीमा.

तेवढ्यात कॉफीच्या दुकानातून एक म्हातारा ओरडला, "अहो साहेब, अशा नाही बोलायच्या त्या! गुदगुल्या करा!"

दुसरा म्हणाला, "मधल्या वाडीतला बोकड आणा! मागच्या वर्षी बोकडानंच हसवलं होतं!"

"अरे, साहेबच करतायत की त्याचं काम!"

पोरांनी शिट्ट्या मारल्या. मुलींना बोलतं करायचं काम दरवर्षी गावातल्या टवाळ पोरांचं असतं, आणि या वर्षी ते साहेबांनी अंगावर घेतलं होतं, न कळता. त्यांनी हवालदाराकडे बघितलं. हवालदार याच डोंगरातला. तो आपल्या बुटांकडे बघत होता.

साहेबांनी राग गिळला आणि दगडाजवळ जाऊन अक्षरांवर बोट फिरवलं. "हे गवंड्याचं काम नाही," ते म्हणाले. "गवंडी सगळे बाहेर आहेत. कुठल्यातरी अडाण्यानं खरवडलंय. हे अक्षर बघा, हे! बटाटा आहे बटाटा! कोंबडीनं पायानं याहून बरं काढलं असतं!"

आणि इथं घात होणार होता. धमकीला गारूफालिया भीक घालत नव्हती, तुरुंगाची तिला भीती नव्हती. पण फुटलेल्या बोटांनी, भर उन्हात, जन्मात पहिल्यांदा कोरलेल्या अक्षराला बटाटा? तिच्या मस्तकात तिडीक गेली. 'तुझ्या बापाला तरी जमेल का रे' इथपर्यंत वाक्य ओठांशी आलं. साहेबांनी तिचं हललेलं तोंड बघितलं, तिच्या बोटांच्या चिंध्या बघितल्या, आणि दोन ढांगांत तिच्यासमोर आले. "बाई, काय म्हणत होतात? बोला!"

गारूफालियानं घागर उचलली, तोंडाला लावली आणि तोंडभर घोट घेतला. गिळला नाही. फुगलेल्या गालांनी साहेबांच्या डोळ्यांत डोळे घालून उभी राहिली. आता तिला स्वतःला बोलायचं असतं तरी बोलता आलं नसतं.

कॉफीचं दुकान हसून हसून आडवं झालं.

"सरपंच!" साहेबांचा आवाज चिरकला. "तुम्ही तर मुकं पाणी आणलेलं नाही ना? तुमचं घर चौकात आहे. तुम्ही ऐकलं असणार. कोण होतं ते? आता, या क्षणी सांगा."

हसणं थांबलं. आता खरं. स्तेर्योला माहीत होतं हे सगळ्या गावाला माहीत होतं. गारूफालिया तोंडातलं पाणी धरून त्याच्याकडे बघत होती. त्याच्या भावाची बायको. घाबरट माणूस, जन्मभर ज्यानं वरच्याला 'हो' म्हटलं. 'भाऊजी,' ती डोळ्यांनी म्हणत होती, 'त्या टाकीपाशी तो जीभ बाहेर काढून पडला होता, भाऊजी.'

स्तेर्योच्या कपाळाचा घाम डोळ्यांत गेला. मग तो चार पावलं चालला, सुल्तानाआजीच्या हातातली घागर घेतली, पाण्यानं भरलेली ती जड घागर दोन्ही हातांनी पोटाशी धरली, आणि टाय लावलेला, झुपकेदार मिशीचा सरपंच बायकांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. ओठ घट्ट बंद.

ते धैर्य होतं की पळवाट, याच्यावर पेत्रोलाकात अजून वाद होतात. काहीही असो, त्यानं नाव सांगितलं नाही.

या वेळी कोणी हसलंसुद्धा नाही. शिट्टी नाही, टवाळी नाही. अख्ख्या चौकात बोलणारा माणूस आता एकच उरला होता.

"हवालदार, लिहा!" तो माणूस ओरडला. "कोण ते मी शोधून काढीन. लिहा, दगडावर बेकायदा मजकूर आढळला, तो असा." आणि त्यांनी दगडाकडे तोंड करून, हवालदाराला नीट ऐकू जावं म्हणून, खणखणीत आवाजात वाचलं: "वाटसरू, थांब, नेरो पी, आणि लाम्ब्रोससाठी एक बरा शब्द बोल."

गारूफालियाच्या तोंडात मुकं पाणी होतं. सतराव्या वर्षी ती अशीच घोट धरून तिठ्यावर उभी होती, आणि पहिलं नाव कानावर पडलं होतं ते एका तापट बाईच्या तोंडून: 'लाम्ब्रोस, मेल्या, खेचर सुटलं!' ती बाई पुढं तिची सासू झाली. आणि आज, घोट घेतल्यापासून या चौकात उच्चारलं गेलेलं पहिलं पुरुषाचं नाव तेच, तेही सरकारच्या तोंडून. साठ वर्षांची विधवा बाई, पण मानेपासून कानापर्यंत तिला अशी लाज चढली की तिनं डोळे खाली घातले.

"गवंडी परत कधी येतात?" साहेबांनी जीपमध्ये बसता बसता विचारलं. सरपंच घागर धरून उभा. शेवटी कॉफीवाला म्हणाला, "शरदात, साहेब. संत दिमित्रीच्या सणाला. तोवर हा दगड काढणारं गावात कोणी नाही."

"मी परत येईन!"

"या की," कॉफीवाला म्हणाला. "पाणी प्यायला या."

जीप वळणाआड गेली. तिचा आवाज खालच्या पुलावर विरेपर्यंत कोणी हललं नाही. मग गारूफालियानं घोट गिळला. गार होता, दगडातून नुकता निघालेला. तिनं बाहीनं ओठ पुसले आणि अजून ओठ मिटून, घागर कवटाळून उभ्या असलेल्या स्तेर्योकडे वळली.

"ठेवा आता ती घागर, भाऊजी," ती म्हणाली. "माझं ठरलं. पुन्हा तोच."